खांब क्रमांक सात

शिडीवर चढले तेव्हा खालून ओल्डरॉइड म्हणाला,
सावकाश, सातवा जरा हळवा आहे.
गाडी येण्याआधी एक मिनिट
त्याला कळतं.

रॅम्सक्लफ. यॉर्कशरच्या टेकड्यांत, ओढ्याला खेटून,
दोनच फलाट,
आणि दोघांवर मिळून छप्पर मात्र
गावातल्या चर्चला खाली बघायला लावील असं.
कशाला एवढं?
तेव्हा लोकरीला भाव होता, ओल्डरॉइड सांगतो,
आणि गिरणीवाल्यांची इच्छा,
लंडनचा माणूस उतरला की आधी त्याची मान वर जावी,
मग हात खिशात.

मान अजून वर जाते.
कमानीच्या दोन टोकांना बाहेर कोसळायचं आहे
आणि मधली बोटभर जाडीची सळई कोसळू देत नाही.
फुगडीत हात असतात ना तसे:
दोघीही मागे झुकलेल्या,
म्हणूनच कुणी पडत नाही.
दीडशे वर्षं ही फुगडी थांबलेली नाही,
नुसती फिरत नाही एवढंच.

माझं काम त्या मानाने नाण्याएवढं.
रंगात एक गोल खिडकी पाडायची,
पातळ पात्याने एकेक थर मागे सारायचा
आणि सांगायचं, पहिला रंग कोणता होता.
त्यावरून नगरपालिका डबे मागवणार.

वरचा हिरवा, फुलांच्या कुंड्यांच्या स्पर्धेसाठी लावलेला.
त्याखाली राखाडी. राखाडी. पुन्हा राखाडी,
सरकारी वर्षं.
मग सायीचा रंग, पिवळा पडलेला.
(काल खाली, कमरेच्या उंचीवर पांढरा पट्टा सापडला.
युद्धात दिवे मालवलेले असायचे,
माणसं खांबांवर आदळत.)
मग काजळी, तीही थरच धरायची.
मग तपकिरी, तपकिरी, जाड, चिवट.
सतरा मोजले.

अठरावा शेंदूर.

उपमा नव्हे, खरोखरचा शेंदूर, शिशाचा,
लोखंडाला गंज चढू नये म्हणून
आधी हाच फासत.
ओरडून सांगितलं, आमच्याकडे दगडाला हाच लावतात!
गंजू नये म्हणून? त्याने विचारलं.
मी पातं पुसत राहिले.
आमच्या वेशीवरच्या मारुतीला
थापून थापून नाकडोळे उरले नव्हते.
एका चैत्रात अख्खी खोळ सुटून पडली
आणि आत कोवळं, जरा घाबरलेलं तोंड.
आठवडाभर लोक बघून गेले.
मग पुन्हा लिंपलं.
ओळख पटेना म्हणाले.

शेंदराच्या आत, खांबाच्या माथ्यावर, पानं.
काटेरी कडांची, दक्षिणेकडच्या उन्हातली,
या टेकड्यांत कधीच न उगवलेली.
भिंतीकडच्या बाजूलाही तेवढ्याच निगुतीने ओतलेली,
जिथे पाली सोडून, छे, इथे पाली नाहीत,
कोळी सोडून कुणी बघणार नाही.
तिथेच एका पानाच्या देठापाशी
बोराएवढा उंचवटा.

खड्डा नाही, उंचवटा.
साच्यातल्या ओल्या वाळूत कुणाचा तरी अंगठा रुतला,
घाईत, नाहीतर मुद्दाम,
आणि लोखंडाने ती पोकळी भरून घेतली.
रेषा नाहीत, भरड वाळूत त्या कुठून उमटाव्यात.
नुसता दाब.
माझ्या अंगठ्यापेक्षा लहान.
पोरगाच असणार.

फॉर्ममध्ये याला रकाना नाही.
थरांची संख्या आहे, जाडी आहे,
‘इतर’ आहे, त्यात शिडीचं भाडं लिहायचं असतं.

मग खांब हळूच थरथरला.
आधी बोटांना, मग शिडीला,
मग बऱ्याच वेळाने कानांना कळलं.
चार बाराची लीड्सहून आलेली, दोन डबे.
एक मुलगी सायकल घेऊन उतरली,
साखळी निसटली होती, तिच्याशीच बोलत गेली,
मान वर न करता.

काय निघालं? ओल्डरॉइडने शिडी धरत विचारलं.
तपकिरी, म्हटलं.
वाटलंच होतं, म्हणाला.
घाण लपते.